सनद आहे, तरी कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगल शिकू का?

गोदाकाठ । २ जुलै २०२३, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा. चूकभूल द्यावीघ्यावी.

माझी कुंडली अशी. नाशिकची. एलएलबी केलं, सनद घेतली, जिल्हा न्यायालयात सहा वर्षं दिवाणी कामं केली. वाटपाचे दावे, भाडेकरूंचे दावे आणि निशाणी ५ वरचे (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचे) युक्तिवाद, मुख्यत: हेच. मग लग्न, मग कॅलिफोर्निया. फ्रीमाँटला आठ वर्षं झाली. लेक आता दुसरीत जाईल. मी एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असल्यामुळे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आहे, नोकरी करता येते. ग्रीन कार्ड कधी येईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

तीन वाटा दिसतायत. एक, इथली बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा. दोन, कम्युनिटी कॉलेजातलं पॅरालीगल (वकिलाच्या हाताखालचा कायद्याचा सहायक) सर्टिफिकेट, संध्याकाळचे वर्ग, दीडेक वर्ष. तीन, आमच्या कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या बायकांनी केलं तसं टेस्टिंगचा कोर्स करून आयटीत शिरणं.

तिसरं नको आहे. पहिल्याची भीती वाटते. दुसऱ्याबद्दल आई म्हणते, "सहा वर्षं काळा कोट घातलास, आता दुसऱ्या वकिलाच्या फायली लावणार का?"

इथे कोणी हा कोर्स केलाय का? नेमकं काय शिकवतात? नोकरी लागते का? आणि खरं सांगा, कमीपणा वाटतो का?

---

खवचट_आजोबा । ३ जुलै २०२३

डॉक्टरने कंपाउंडर व्हावं का, असा धागा काढला असतात तर उत्तर सोपं होतं. हलके घ्या.

---

पाटीपेन्सिल । ३ जुलै २०२३

आजोबा, कंपाउंडरशिवाय तुमच्या डॉक्टरला इंजेक्शनचा डबा सापडायचा नाही. असो.

गोदाकाठ, मी सॅन होजेत नऊ वर्षं लिटिगेशन (कोर्टातल्या दाव्यांचं काम) पॅरालीगल आहे. मी वकील नव्हते, बी.कॉम. होते, त्यामुळे कमीपणाचा प्रश्न माझ्यापुरता आलाच नाही. बाकीचं सांगते.

कॅलिफोर्नियात "पॅरालीगल" हा शब्द कोणीही आपल्या नावामागे लावू शकत नाही. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ६४५० आहे, ते आधी शांतपणे वाचा. तुम्हाला कलम वाचायची सवय आहेच. त्यात पात्रतेचे मार्ग दिलेत. अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे एबीएने मान्य केलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट हा एक. मान्यताप्राप्त संस्थेतला, कायद्याचे किमान २४ सेमिस्टर युनिट असलेला कोर्स हा दुसरा. आणि कुठलीही पदवी अधिक वकिलाच्या देखरेखीखाली एक वर्षाचा कायद्याच्या कामाचा अनुभव, वर त्या वकिलाचं तसं लेखी निवेदन, हा तिसरा. पूर्वी नुसत्या हायस्कूलवर अनुभवाच्या जोरावरही होता येत असे, ती खिडकी २००३ संपताना बंद झाली.

एक गैरसमज आत्ताच काढून टाका. एबीए माणसाला मान्यता देत नाही, कोर्सला देते. "मी एबीए सर्टिफाइड पॅरालीगल" असं कोणी लिहिलं असेल तर त्याचा रेझ्युमे आमच्या ऑफिसात तिथेच बाजूला पडतो.

---

एडिसनकर । ३ जुलै २०२३

आमच्याकडे न्यू जर्सीत पॅरालीगलला परवाना नाही, नोंदणी नाही, काही नाही. ऑफिसने म्हटलं तू पॅरालीगल, की तू पॅरालीगल. तरी नोकरीच्या जाहिरातीत सर्टिफिकेट मागतातच. बायकोने इथल्याच कम्युनिटी कॉलेजातून केलं, आता रिअल इस्टेट क्लोजिंगचं काम करते. खूश आहे. मी जास्त खूश आहे, घराचे कागद वाचायला फुकट माणूस मिळालं.

---

गोदाकाठ । ३ जुलै २०२३

पाटीपेन्सिल, खूप आभार. तिसरा मार्ग वाचून मनात आलं, पदवी तर आहेच. थेट एखाद्या ऑफिसात एक वर्ष चिकटले तर कोर्सची गरजच काय?

---

पाटीपेन्सिल । ४ जुलै २०२३

कागदावर बरोबर आहे. पण ते पहिलं वर्ष देणार कोण? नाशिकचा सहा वर्षांचा अनुभव वाचून इथला वकील आदराने मान हलवेल आणि विचारेल, "वेस्टलॉ येतं? प्रूफ ऑफ सर्व्हिस भरलंय कधी? ई-फायलिंग?" म्हणजे निवाडे शोधायचा डेटाबेस, कागद बजावल्याचा दाखला आणि कोर्टात ऑनलाइन कागद देणं. तुमचं तिन्हीला नाही. कोर्स कायदा शिकवण्यासाठी नसतो हो. तो इथलं ऑफिस कसं चालतं ते शिकवतो.

खर्चाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर फी आहे, २०१२ पासून तीच. २४ युनिटचे झाले १,१०४. बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट पडते. एच-४ वाल्यांना रहिवासी धरतात, फक्त वर्षाहून अधिक वास्तव्य आणि इथेच राहायचा इरादा दाखवणारे कागद लागतात. लायसन, टॅक्स रिटर्न, भाडेकरार काढून ठेवा. पुस्तकं मात्र रडवतात. जुनी आवृत्ती घ्या नाहीतर लायब्ररीच्या राखीव कपाटातून वाचा.

---

चिऊताई_ब्रॅम्प्टन । ४ जुलै २०२३

कॅनडातून डोकावतेय. ऑन्टारिओत पॅरालीगल ही वेगळीच जात आहे. इथे २००७ पासून लॉ सोसायटी त्यांना परवाना देते. मान्यताप्राप्त कॉलेज, १२० तासांचं प्रत्यक्ष काम, मग परीक्षा. त्यानंतर स्वतःचं ऑफिस टाकून स्मॉल क्लेम्स कोर्टात (२०२३ मध्ये ३५ हजार डॉलरपर्यंतचे दावे), ट्रॅफिकच्या केसेसमध्ये आणि घरमालक-भाडेकरू बोर्डापुढे अशिलासाठी उभं राहता येतं. माझा शेजारी हेच करतो, पाटीवर नाव आहे त्याचं. तुमच्याकडचा आणि आमच्याकडचा शब्द एक, काम वेगळं. गूगलवर शोधताना मिसळू नका.

---

सह्यकडा । ५ जुलै २०२३

आणि तिसराही अर्थ आहे बरं! मी कोल्हापूर जिल्ह्यात पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २००९ ची योजना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नेमतं. आम्ही गावात, तुरुंगात, पोलीस ठाण्यात जाऊन लोकांना फुकट वकील कसा मिळतो, लोकअदालतीत काय मिटतं ते सांगतो, अर्ज लिहून देतो. थोडं मानधन मिळतं. पक्षकाराकडून पैसा घ्यायचा नाही. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, अंगणवाडी ताई आहेत.

---

भैरवगड । ५ जुलै २०२३

मी साताऱ्याच्या कोर्टात ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. वकील यायचे-जायचे. नवा वकील दावा घेऊन आला की आम्ही आधी त्याच्या मागे मुन्शी कोण उभा आहे ते बघायचो. मुन्शी जुना असेल तर कोर्ट फी बरोबर, पत्ता बरोबर, वकीलपत्रावर तिकीट लावलेलं, नकला पुरेशा. नवा असेल तर दावा चार वेळा परत. ताई, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, नाशिकला तुमचा मुन्शी आठ दिवस गावी गेला होता तेव्हा काय झालं होतं?

---

गोदाकाठ । ५ जुलै २०२३

भैरवगड काका, हसून हसून पोट दुखलं. आठ दिवस नाही, त्याच्या मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गेला होता आणि मी दोन मुदत अर्ज भलत्याच कोर्टात दिले होते. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग मुन्शीच हो."

बारबद्दलही चौकशी केली. सनदधारक भारतीय वकिलाला कॅलिफोर्निया एलएलएम न करता थेट बार परीक्षेला बसू देतं. दोन दिवसांची पूर्ण परीक्षा मात्र द्यावी लागते. म्हणजे ते दार बंद नाही. आत्ता लेक लहान आहे, अभ्यासाला सलग सहा महिने मिळणार नाहीत. ऑगस्टच्या सत्राला नाव घालते. धागा मरू देऊ नका, येऊन सांगेन.

---

खवचट_आजोबा । ६ जुलै २०२३

एक विचारू? गेल्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या एका वकिलाने चॅटजीपीटीकडून निवाडे लिहून घेतले आणि कोर्टाने पाच हजार डॉलर दंड केला ना? उद्या हाच यंत्रमानव पॅरालीगल झाला तर सर्टिफिकेट फ्रेम करून लावायचं का?

---

पाटीपेन्सिल । ६ जुलै २०२३

आजोबा, त्या खटल्याचं नाव माता विरुद्ध एव्हियांका. ते प्रकरण वाचलंत तर कळेल की ते निवाडे अस्तित्वातच नव्हते आणि एवढंही कोणी तपासलं नव्हतं. ते तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्या ऑफिसात कोणी दहा मिनिटं वेस्टलॉवर घातली असती तर पाच हजार वाचले असते. त्या दिवसापासून आमच्या साहेबांचा माझ्यावर जीव अधिकच जडलाय.

---

गोदाकाठ । १७ डिसेंबर २०२३

पहिलं सत्र संपलं! वचन दिल्याप्रमाणे हजर.

वर्गात आम्ही सव्वीस जण. एक ट्रक चालवून कंटाळलेला माणूस, दोन कोर्टातल्या क्लार्क, एक नुकताच सैन्यातून आलेला मुलगा, घटस्फोटाची केस स्वतः लढून "आता मला हे आवडायलाच लागलंय" म्हणणारी एक आजी, आणि मी. सगळे दिवसभर काम करून साडेसहाला येतात, डबा वर्गातच उघडतात. मी पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी नेली होती. ट्रकवाल्याला आता दर उपासाची तारीख माहीत आहे.

विषय तीन घेतले: पॅरालीगल व्यवसायाची ओळख, लीगल रिसर्च, आणि सिव्हिल लिटिगेशनचा पहिला भाग. मला वाटलं होतं लिटिगेशन डाव्या हाताचा मळ असेल. दावा, कैफियत, मुद्दे, पुरावा, हे सगळं ओळखीचं. पण आपल्याकडे नसलेली एक गोष्ट इथे सगळं खाऊन टाकते, डिस्कव्हरी. खटला उभा राहायच्या आधी दोन्ही बाजू एकमेकांना प्रश्नावल्या पाठवतात, कागद मागतात, साक्षीदाराला वकिलाच्या ऑफिसात बसवून शपथेवर उलटतपासासारखं विचारतात, शॉर्टहँडवाला सगळं टिपतो. आपल्याकडे दिवाणी संहितेच्या ऑर्डर ११ मध्ये प्रश्नावल्या आहेत, पण सहा वर्षांत मी कधी कोणी वापरलेल्या पाहिल्या नाहीत. इथे बहुतेक दावे याच पायरीवर मिटतात, कोर्टाचं तोंड न बघता. आणि हे हजारो कागद क्रमाने लावणं, प्रत्येक पानावर बेट्स क्रमांक (ओळीने चढता क्रमांक) टाकणं, कुठला कागद वकील-अशील गोपनीयतेत येतो ते वेगळं काढणं, हे पॅरालीगलचं काम. फायली लावणं म्हणतात ते हे.

लिहिण्यात मात्र मार खाल्ला. पहिला मेमो दिला तो लाल शाईने भरून परत आला. शेरा होता, "सुंदर भाषा. प्रश्न काय आहे?" आपल्याला "सदर प्रकरणी नम्र निवेदन असे की" ची सवय. इथे पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत उत्तर, मग नियम, मग तो या घटनेला कसा लागतो, मग निष्कर्ष. यातल्या प्रश्न, नियम, लागू करणं, निष्कर्ष या साच्याला आयआरएसी म्हणतात. नम्र निवेदनाला जागाच नाही.

---

रुईचंपा । १९ डिसेंबर २०२३

गोदाकाठ ताई, मीही एच-४, सॅक्रामेंटोला, पण अजून ईएडी नाही. कोर्स करू शकते ना? आणि इंटर्नशिप बिनपगारी असेल तर चालते का? काउन्सेलर म्हणाली "फुकट आहे, मग काय हरकत."

---

पाटीपेन्सिल । १९ डिसेंबर २०२३

शिक्षण बिनधास्त घे, एच-४ वर व्हिसा न बदलता शिकता येतं. इंटर्नशिपला थांब. ज्या कामाचे दुसऱ्याला एरवी पैसे मिळतात ते फुकट केलंस तरी विनापरवाना काम ठरू शकतं. काउन्सेलरला कॉलेज कळतं, इमिग्रेशन नाही. एकदा इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचार आणि उत्तर लेखी घे. इंटर्नशिपऐवजी दुसरा विषय घेता येतो का ते कॉलेजला विचार, बरेचदा येतो.

---

गोदाकाठ । ९ मार्च २०२४

एक फजिती सांगायला आलेय.

परवाच्या चाचणीतलं गणित. १० जानेवारी २०२४ ला प्रश्नावली इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावली. उत्तराची शेवटची तारीख कोणती?

नियम पाठ. ३० दिवस, आणि इलेक्ट्रॉनिक बजावणी असल्यामुळे वर दोन कोर्टाचे दिवस. (टपालाने राज्यातल्या राज्यात असती तर पाच साधे दिवस.) १० जानेवारी सोडून मोजलं, ३० वा दिवस ९ फेब्रुवारी, शुक्रवार. शनि-रवि वगळले. एक सोमवार १२, दोन मंगळवार १३. लिहिलं १३ फेब्रुवारी, पेपर देऊन सगळ्यात आधी बाहेर. सहा वर्षांची वकील ना मी.

उत्तर १४. १२ फेब्रुवारीला लिंकनचा वाढदिवस. फेडरल कोर्ट उघडं, पोस्ट उघडं, नवऱ्याचं ऑफिस उघडं, पण कॅलिफोर्नियाची राज्य न्यायालयं बंद!

मी बाईंना म्हटलं, एक दिवस आधी दिलं तर कोणाचं काय बिघडलं? त्या म्हणाल्या, "उत्तर तू देणार असशील तर काही नाही. पण उत्तर समोरच्याने द्यायचं असेल आणि तू १४ तारखेला सकाळी साहेबांना सांगितलंस की त्यांची मुदत संपली, आता त्यांचे आक्षेप बाद, तर?"

गप्प बसले. आता फ्रिजवर दोन कॅलेंडरं आहेत, एक कालनिर्णय आणि एक राज्य न्यायालयाच्या सुट्ट्यांचं. यंदा ३१ मार्च रविवारी येतो, म्हणून सीझर चावेझ दिनाची (शेतमजुरांचे नेते) सुट्टी १ एप्रिलला आहे, नोंद घ्यावी.

---

भैरवगड । १० मार्च २०२४

आमच्याकडे हायकोर्टाची सुट्ट्यांची यादी आली की पहिली झेरॉक्स मुन्शी लोक न्यायचे. वकील डिसेंबरात विचारायचे, "अहो, यादी आली का?"

---

एडिसनकर । ११ मे २०२४

पगाराचं कोणी बोलतच नाहीये. अमेरिकेच्या कामगार खात्याचा आकडा आला. मे २०२३ ला देशभरातल्या पॅरालीगलचं मधलं उत्पन्न वर्षाला ६०,९७० डॉलर. बायकोचं थोडं वर आहे. बे एरियात घरभाडं देऊन काय उरेल ते तुम्हीच ठरवा.

---

गोदाकाठ । ६ जुलै २०२४

या आठवड्यात तिकडे भारतीय दंड संहिता गेली, पुरावा कायदा गेला, नवे तीन कायदे १ जुलैपासून लागू झाले. ४२० आता ३१८ झालं म्हणे! पाठ केलेलं सगळं वाया. नाशिकच्या वकिलांचा ग्रुप रडतोय. मी इथे उन्हाळी वर्गात एथिक्स शिकतेय, आणि खरं सांगायचं तर या सबंध कोर्सातला हाच विषय मला जड गेला.

कारण असं. कलम ६४५० पॅरालीगलला काय करता येतं ते सांगतं. संशोधन, मसुदा, अशिलाची मुलाखत, सगळं वकिलाच्या देखरेखीखाली. आणि काय करता येत नाही तेही सांगतं. कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, कोर्टात उभं राहायचं नाही, फी ठरवायची नाही. मोडलं तर दंड अडीच हजार डॉलरपर्यंत, पुन्हा मोडलं तर तुरुंगही होऊ शकतो.

वाचताना सोपं. पण बाई वर्गात दोघांना समोर बसवून नाटक करून घेतात. अशील विचारतो, "मॅडम, मी हा फॉर्म भरू की तो?" माझ्या तोंडून फटकन गेलं, "हा भरा." नापास. "तुमच्या केसमध्ये शक्यतो..." नापास. "माझ्या अनुभवात..." नापास! चालतं काय? "दोन्ही फॉर्म कशासाठी असतात ते त्यांच्यावर छापलेलं आहे. तुमच्यासाठी कुठला, ते मी वकिलांना विचारून सांगते."

ट्रकवाला पहिल्या झटक्यात पास. त्याला काही माहीतच नव्हतं, त्यामुळे सांगायची उबळच नव्हती. मी चौथ्या वेळी. सहा वर्षं लोक ज्याचे पैसे देत होते तेच तोंडातल्या तोंडात गिळायचं. आईने विचारलेला कमीपणा मला फायली लावण्यात कधी वाटला नाही. तो इथे, त्या खुर्चीत बसून वाटला.

---

चिऊताई_ब्रॅम्प्टन । ७ जुलै २०२४

मिठी.

---

खवचट_आजोबा । ७ जुलै २०२४

बायकोला हे कलम लागू करता येईल का?

---

गोदाकाठ । २ फेब्रुवारी २०२५

मंडळी, सर्टिफिकेट मिळालं आणि नोकरीही! तीन वकिलांचं छोटं इमिग्रेशन ऑफिस. तासाला २९ डॉलर. चौतीस अर्ज, पाच मुलाखती. तीन ठिकाणी एकच प्रश्न होता, "तुम्ही वकील होतात, मग कंटाळणार नाही ना? सोडून जाणार नाही ना?" एका ठिकाणी "हो, कधीतरी बार देईन" म्हटलं, तिथून पुन्हा फोन आला नाही. इथेही तेच म्हटलं, इथे घेतलं.

सगळ्यात आधी घड्याळ बदललं. कामाची नोंद सहा-सहा मिनिटांत. एक फोन ०.१, एक लांबलेला फोन ०.३. नाशिकला बार रूममध्ये चहाला गेलेले तास कोणी मोजले असते तर!

आणि ज्याची कल्पनाही नव्हती ते म्हणजे माझं मराठीपण कामाला आलं. ऑफिसात निम्मे अशील भारतीय. एका फायलीवर शेरा होता, "अर्जदाराचं नाव दोन कागदांवर वेगळं, खुलासा हवा." बघते तर दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव मधोमध. आपल्याला एका नजरेत कळतं की बाई एकच. आमच्या वकिलांच्या लेखी त्या दोन बायका. आता मी मराठी नावांचं एक पानी टिपण करून ठेवलंय, साहेबांनी तपासून सही केली, ते प्रत्येक फायलीत जातं.

दुसरं, १ जून. साहेब एकदा म्हणाले, तुमच्या भागातल्या तीन अशिलांची जन्मतारीख १ जून कशी? त्यांना सांगितलं की शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजीच तारीख टाकायचे. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद नाही, असला तर शाळा सोडल्याचा दाखला. मग नोंद आढळत नसल्याचं प्रमाणपत्र मागवायचं, वर जन्म माहीत असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. मोडी नाही, पण हस्ताक्षरातलं मराठी वाचता येणारी ऑफिसात मी एकटी. भाषांतराखाली "मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे" असं लिहून सही करावी लागते. पहिली सही केली तेव्हा वकीलपत्रावरच्या पहिल्या सहीइतकाच हात थरथरला.

---

सह्यकडा । ३ फेब्रुवारी २०२५

आमच्या तालुक्यात एका वर्गाच्या हजेरीपटावर एकोणीस मुलं १ जूनची आहेत. वाढदिवसाला शाळेला सुट्टी असते हे त्यांचं दु:ख.

---

रुईचंपा । ३ फेब्रुवारी २०२५

अभिनंदन ताई!! माझं ईएडी आलं. या ऑगस्टला मीही.

---

गोदाकाठ । ४ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतेय. एक मनातलं आहे, कुठे बोलू कळत नव्हतं.

१९ सप्टेंबरच्या शुक्रवारी काय झालं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. एच-१बी (परदेशी कुशल नोकरदारांचा व्हिसा) वर एक लाख डॉलर भरायला लावणारा राष्ट्राध्यक्षांचा जाहीरनामा निघाला, लागू रविवारी पूर्वेच्या वेळेने रात्री १२:०१ पासून. म्हणजे आमची शनिवारची रात्र, भारतातली रविवार सकाळ साडेनऊ. आमच्या ऑफिसचे फोन शुक्रवारी संध्याकाळी पेटले. साहेबांनी अशिलांसाठी मजकूर लिहिला, मी एकेकाला पाठवत होते. दर ओळ त्यांची, एक शब्द माझा नाही.

रात्री साडेअकराला घरचा फोन वाजला. आमच्या गणपतीत दरवर्षी ढोल वाजवणाऱ्या मुलाची बायको. तो वडिलांच्या पक्षासाठी ठाण्याला गेलेला, रविवारी सर्वपित्री करून दुसऱ्या दिवशी निघायचा होता. तिचं एकच वाक्य, "ताई, तुम्ही वकील आहात, सांगा, त्याने आत्ता निघावं का?"

तो आमचा अशील नाही. मी जाहीरनामा तीनदा वाचलेला होता. मत तयार होतं, अगदी जिभेवर. मी म्हटलं, मी इथे वकील नाही, मला सांगता येत नाही, त्याच्या कंपनीच्या वकिलाला आत्ता फोन लाव, ही तीन वाक्यं विचार. तीन प्रश्न तिला लिहून पाठवले. ती काही बोलली नाही, फोन ठेवला. नवरा बाजूलाच होता, तोही काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

कंपनीच्या वकिलाने "निघा" सांगितलं. मुलगा पितरांचं पान न वाढता मिळेल त्या विमानाने निघाला, तिकिटाचा आकडा लिहवत नाही. शनिवारी इथे खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना लागू, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. तो तेव्हा हवेत होता.

माझं जिभेवरचं मतही "निघ" हेच होतं.

ती आता भेटली की बोलते, पण पूर्वीसारखी नाही. दसऱ्याला सोनं द्यायला गेले, तो दार उघडायला आला. म्हणाला, "ताई, ते तीन प्रश्न बरे होते. दुसऱ्या प्रश्नाला आमचा वकील अडखळला."

---

भैरवगड । ५ ऑक्टोबर २०२५

दुसरा प्रश्न काय होता?

---

गोदाकाठ । ५ ऑक्टोबर २०२५

"जाहीरनाम्यात 'प्रवेश' हा शब्द आहे, तो आधीपासून वैध व्हिसा असलेल्यालाही लागतो का, आणि तुम्ही हे कुठल्या वाक्यावरून म्हणता?"

---

पाटीपेन्सिल । ५ ऑक्टोबर २०२५

बाई गं. फेब्रुवारीच्या बारचा फॉर्म भर.

---

गोदाकाठ । ६ ऑक्टोबर २०२५

लेकीची चौथी आहे गं. बघू.

---

रुईचंपा । ६ ऑक्टोबर २०२५

मध्येच विचारतेय, सॉरी. सिव्हिल लिटिगेशनच्या पुस्तकाची मागची आवृत्ती चालेल का? नवीन १८० ला आहे.

---

गोदाकाठ । ६ ऑक्टोबर २०२५

आधी बाईंना विचार, त्या हो म्हणाल्या तर चालेल. माझी प्रत घेऊन जा, पोस्टाने पाठवते. फक्त मुदतीच्या प्रकरणात समासात पेन्सिलने "लिंकन!!!" लिहिलंय, ते खोडू नकोस.